‘काय केलं वं आज सैपाकाले?’

यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगाव तालुक्यातल्या एका गावातून हे पत्र आलं आहे. नाव-गाव छापू नका, असं तिने लिहिलंय. ते गाळून आणि थोडं आटोपतं करून पत्र देते.

“मावशी, नमस्कार. मी एकोणतीस वर्षांची. माहेर पुलगावचं. घरी मी, नवरा, सासूबाई आणि सात वर्षांचा मुलगा. सहा एकर कोरडवाहू. कपाशी, तूर, थोडी सोयाबीन. आमच्या ओळीत रात्रीची जेवणं झाली की बायका समोरच्या ओट्यावर बसतात. पहिला प्रश्न ठरलेला, ‘काय केलं वं आज सैपाकाले?’ मग एकेकीने सांगायचं. यंदा मे महिन्यापासून आमची ओढाताण आहे. पेरणीचे पैसे बाजूला ठेवलेत, आठवडी बाजार दर वेळी होत नाही. तिखट-भाकर, बेसन, नाहीतर वरण-भात, एवढंच शिजतं. ओट्यावर मात्र मी सांगते, वांग्याची भाजी केली, आलूची केली. एकदा तर पनीरही सांगितलं.

मागच्या आठवड्यात मी ‘भरले वांगे केले’ म्हणाले आणि मांडीवर बसलेला माझा मुलगा बोलला, ‘नाई, आमी त तेल-तिखट अन् भाकर खाल्ली.’ सगळ्या गप्प. एक जण हसली, ‘मंग वांगे कोठी गेले वं?’ घरी आल्यावर मी पोराला धपाटा घातला. आता कुणीही त्याला ‘काय जेवला रे?’ विचारलं की तो आधी माझ्या तोंडाकडे पाहतो.

ओट्यावर जाणं मी बंद केलंय. सासूबाई म्हणतात, बरं झालं, घरातलं ताट बाहेर सांगू नये, नजर लागते. नवरा म्हणतो, त्यात एवढं काय. शेजारच्या काकूंनी गोळ्याची कढी दिली होती, त्यांची वाटीही माझ्याकडेच पडून आहे, कारण भरून द्यायला घरात चांगलं काही नाही. मी काय करू? खरं सांगू, की ओटाच सोडून देऊ?

ता. क. पावसाळ्यात आमच्या धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) तरोटा खूप उगवतो. माहेरी ही भाजी करत नसत. मी एकदा केली, ती कडू झाली. कशी करतात?”

पोरी, पेरणीच्या गडबडीत तुला लांबलचक वाचायला सवड नसेल, म्हणून उत्तर आधी देते. ओटा सोडू नकोस आणि खरं सांग. पण ओट्यावर जायच्या आधी घरात एक काम आहे, ते तुझ्या पोराशी.

तो तुझ्या तोंडाकडे पाहतो, हे तू एका ओळीत लिहिलंस आणि पुढे गेलीस. मी तिथेच थांबले. सात वर्षांच्या लेकराने खरं ते सांगितलं आणि मार खाल्ला. आपण जेवलो ते काहीतरी वाईट होतं, असं त्याच्या मनात बसायला लागलंय. त्याहून मला काळजी वाटते ती दुसऱ्या गोष्टीची. खरं बोलायच्या आधी आईचा चेहरा बघावा लागतो, हे तो शिकतोय. उद्या शाळेत कुणी त्रास दिला, कुणी नको तिथे हात लावला, विहिरीवर काही घडलं, तरी तो आधी तुझ्याकडे बघेल आणि तुला झेपेल तेवढंच सांगेल. वांग्यांचं खोटं ओट्यावर चार दिवसांत विरून जाईल. हे मात्र विरणारं नाही.

म्हणून आजच, भाकरी थापायला बसशील तेव्हा त्याला जवळ बसव आणि सांग, ‘त्या दिवशी तू खरं बोलला होतास. मीच खोटं सांगितलं होतं. तुला मारायला नको होतं.’ एवढंच. रडारड नको, पुन्हा पुन्हा माफी नको. मोठं माणूस फार वेळ माफी मागत बसलं की लेकरं घाबरतात. मग त्याला एक गोळा दे थापायला. पैशाची अडचण त्याच्यापासून पूर्ण लपवू नकोस, त्याला कळेल अशी सांग. ‘बियाणं आणायचं आहे, म्हणून या महिन्यात बाजार कमी. कापूस निघाला की करू.’ शेतकऱ्याच्या पोराला हे बरोबर कळतं. सरकीचं बी कधी टोबतात आणि बोंड कधी फुटतं, हे त्याने डोळ्यांनी पाहिलंय. ‘कुणाला सांगू नको’ हे वाक्य तेवढं त्याच्या कानावर पुन्हा पडू देऊ नकोस.

आता ओटा.

तुला तो प्रश्न झडतीसारखा वाटायला लागलाय, हे मी समजू शकते. जे दाखवायला नाही तेच कुणी रोज विचारलं तर तसं वाटणारच. पण माझं सगळं आयुष्य अशाच ओट्यांवर गेलं आणि मला जे दिसलं ते सांगते. ‘काय केलं’ या प्रश्नावर बाया अख्ख्या ओळीची खबर घेतात. कुणाची गाय आटली, कुणाकडे विरजण मिळेल, कुणाच्या मांडवावर दोडके लागले, कुणाच्या घरी पाहुणे अडकलेत, सगळं जेवणाच्या उत्तरातून कळतं. एखादी म्हणाली ‘आज चूलच नाई पेटवली’, की ताप आहे का भांडण, हे बाकीच्या ओळखतात आणि कुणीतरी उठून तिच्या घरी जातं. आमच्या ओळीत एक एकटी म्हातारी राहायची. ती रोज ‘खिचडी’ सांगायची. मध्येच दोन-चार दिवस ‘भूकच नोती माय’ असं सांगायला लागली. तिला घास गिळताना दुखत होतं आणि ती कुणाला बोलत नव्हती. ते उत्तर बदललेलं बायांच्या लक्षात आलं आणि नागपूरच्या मुलाला फोन गेला तो ओट्यावरूनच.

म्हणून तू वांगी आणि पनीर सांगतेस, तेव्हा तुझ्या घराची चुकीची खबर जाते. वांगी-पनीर खाणाऱ्या घरी कोण कशाला वाटी पाठवील? काकूंनी पाठवली. मला वाटतं, त्यांना ठाऊक होतं. बाजाराच्या दिवशी कुणाची थैली भरून आली आणि कुणाची नाही, हे शेजारच्या बाईला दिसतंच. त्यांनी तुला काही न विचारता, काही न सुचवता कढी दिली. अशी शेजारीण ओळीत आहे, तर ती ओळ सोडू नये.

आणि दिवस कोणते चाललेत ते बघ. मृग लागलाय. कापसाचा पैसा कधीच संपला, तूर बहुतेकांची शिमग्याच्या आसपासच विकली गेली आणि पुढचा पैसा दिवाळीच्या तोंडावर, पहिल्या वेच्याचा. मधल्या या काळात कपाशीच्या बियाण्याचं एकेक पाकीट आठ-नऊशेला पडतं, वर खत, वर नांगरणी-वखरणीचं ट्रॅक्टरचं भाडं. पाऊस दडी मारून बसला तर दुबार पेरणीचा घोर वेगळाच. याच दिवसांत विहिरी तळाला जातात, गावची भाजी संपते आणि बाजारात बाहेरून येणारी महाग असते. रेशनवर प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला 5 किलो धान्य मिळतं, 2023 पासून तर फुकट. त्यामुळे डबे रिकामे नसतात. घरात धान्य आहे आणि भाजी नाही, तेल नाही, हातात पैसा नाही, अशी ही टंचाई आहे. ती बाहेरून दिसत नाही, म्हणूनच लपवता येते. तुझ्या ओट्यावर बसणाऱ्या बहुतेकींच्या घरी मृग-आर्द्रात हेच शिजतं. भरली वांगी सांगणारी तू एकटी नसशील, असंही मला वाटतं. पण बाकीच्यांचं खोटं शोधत बसू नकोस. तू खरं सांगायला लागलीस की एखादीला तिचं ओझं खाली ठेवायला जागा मिळेल. तिने ठेवलं तर ठेवलं.

शहरात आता भाकरीला भाव आलाय, म्हणून तू ताठ मानेने सांग, असा सल्ला मी देणार नाही. 2023 हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरं झालं, मोठ्या हॉटेलांत ज्वारीचे पदार्थ मांडले गेले. चांगलंच झालं. पण हौसेने खाल्लेली भाकर आणि दुसरं काही नाही म्हणून खाल्लेली भाकर ताटात सारखी दिसली, तरी खाणाऱ्याला फरक कळतो. तुझी अडचण खरी आहे. तिच्यावर कौतुकाचं पांघरूण घालून ती जात नाही.

मग सांगायचं कसं? इथे थोडं सविस्तर लिहिते, कारण सगळा फरक इथेच आहे.

मान खाली घालून ‘तिखट-भाकर’ एवढंच म्हटलंस, तर समोरचीला एकतर कीव करावी लागते नाहीतर गप्प बसावं लागतं. दोन्ही तुला नको आहेत. त्याऐवजी स्वयंपाक सांग. तू केलेला, तुझ्या हातचा. ताव्यावर जवस तडतडेपर्यंत भाजलं, त्याच ताव्यावर लाल मिरच्या परतल्या, लसणाच्या कुड्या सालासकट घेतल्या, मीठ घालून उखळीत कुटलं. ताटात त्या तिखटाचा ढीग केला, बोटाने मध्ये आळं केलं आणि त्यात कच्चं तेल सोडलं. सासूबाईंनी भाकर ताव्यावरून काढून निखाऱ्याला उभी केली ती टम्म फुगली. हे जेवण आहे, पोरी. हे सांगताना तुझ्या तोंडून बारकावे निघतील आणि ओट्यावरच्या बायांचं लक्ष तुझ्या अडचणीवरून जवसावर जाईल. कुणी म्हणेल, मी जिरं पण घालते. कुणी म्हणेल, मिरची भिवापुरी घे, रंगही येतो आणि तिखटपणाही. भिवापूरच्या मिरचीला भौगोलिक मानांकन आहे, पण आपल्या बायांना ते कागद यायच्या कितीतरी आधीपासून माहीत आहे. मग कुणाचा लसूण संपलाय, कुणाकडे जवस उरलंय, हे निघेल. तुला हवं ते तिथून पुढे आपोआप होतं.

बेसनाचंही तसंच. नुसतं ‘बेसन’ म्हणू नकोस. पातळ केलं की सुकं, फोडणीत लसूण ठेचून टाकला की चिरून, सांभार (कोथिंबीर) मिळाला की नाही, बुडाला लागलेली खरवड कुणाच्या वाट्याला गेली, हे सांग. आमच्या घरी खरवडीवरून भावंडांची भांडणं व्हायची आणि ज्याला ती मिळायची तो त्या रात्री राजा असायचा.

पहिल्या रात्री अवघड जाईल. मागच्या खोट्याचा खुलासा करायला जाऊ नकोस, कुणी मागितलेलाही नाही. जाऊन बस, तुझी पाळी आली की त्या दिवशी जे खरंच जेवलात ते सांग. पोराला सोबत ने. त्याला कुणी विचारलं तर त्याला सांगू दे आणि तो सांगत असताना तू दुसऱ्या कुणाशी तरी बोलत राहा. त्याने वळून पाहिलं तर तुझा चेहरा त्याला मोकळा दिसायला हवा.

ती हसणारी बाई. प्रत्येक ओट्यावर अशी एखादी असते आणि ती विचारते ते मोजण्यासाठी, हे खरं आहे. सगळ्या बाया मायाळू असतात, असं मी कधी म्हणणार नाही. तिने पुन्हा वांग्यांचा विषय काढला, तर सरळ सांग, ‘नोते केले वं वांगे. सांगायले लाज वाटली, म्हणून बोलली.’ यापुढे तिला बोलायला काही उरत नाही. तिच्या घरचं काढू नकोस, तिच्या सुनेचं काढू नकोस, टोमण्याला टोमणा देऊ नकोस. तरीही ती थांबली नाही, तर काकूंच्या बाजूला जाऊन बसत जा. ओटा लांब असतो.

सासूबाईंच्या बोलण्यावर तू चिडलेली दिसतेस. त्यांची बाजू जरा थांबून बघ. त्या साठीच्या असतील, तर 1972 च्या दुष्काळात त्या लहान पोर होत्या. तेव्हा रेशनवर परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी मिळायची, दुष्काळी कामावर सुकडी वाटायचे. त्या भाकरीचा रंग वेगळा असायचा, लपत नसे, आणि ती खाणारी लेकरं चिडवली जायची. मी त्या पिढीतल्या कितीतरी बायांकडून ऐकलंय की आई दार लोटून जेवायला वाढायची. तुझ्या सासूबाईंच्या ‘नजर लागते’ मागे असंच एखादं लोटलेलं दार असू शकतं. तसं नसेलही. पण एकदा त्यांना विचार, ‘तुम्ही लहान असताना या दिवसांत काय खायचे?’ वाद घालायला नाही, ऐकायला विचार. भाकर निवतेपर्यंत त्या बोलतील. त्यांना ओट्यावर आणायची गरज नाही आणि त्यांची परवानगी मिळेपर्यंत तू थांबायचीही नाही. ‘आई, मी जाऊन येते’ म्हणायचं आणि जायचं. घरातलं भांडण, कर्जाचा आकडा, नवऱ्याचं बोलणं, हे ओट्यावर न्यायचं नाही, एवढं त्यांना सांगून टाक. त्यांच्या म्हणण्यातलं ते खरं आहे आणि तू ते मानतेस हे त्यांना कळू दे.

यापुढचं मात्र लाजेबद्दल नाही, पोटाबद्दल आहे, आणि तेही मला सोडता येत नाही. तिखट-भाकर खाण्यात कमीपणा काहीच नाही, पण सात वर्षांच्या लेकराला ती रोज रात्री पुरत नाही. ज्वारीत 100 ग्रॅमला साधारण 10 ग्रॅम प्रथिनं असतात, तूरडाळीत 22 च्या आसपास. शिवाय प्रथिनांमधलं लायसिन ज्वारीत कमी असतं आणि डाळीत भरपूर. म्हणून आपल्या जुन्या जेवणात भाकरीसोबत डाळ किंवा बेसन असतंच. एरवी शाळेतली खिचडी थोडी भर घालते. पहिली ते पाचवीच्या मुलाला त्या एका जेवणातून 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिनं मिळावीत, असा नियम आहे. पण विदर्भात उन्हामुळे शाळा बाकी महाराष्ट्राच्या नंतर, जूनच्या शेवटाकडे उघडतात. म्हणजे घरात सगळ्यांत जास्त ओढ असते, नेमकी तेव्हाच ती खिचडीही नसते. हे एक-दीड महिन्याचं भोक तुला घरातून बुजवायचं आहे.

त्याला पैसा फार लागत नाही. तूर तुमची घरची आहे. तिखटाच्या रात्री त्याच्या ताटात वाटीभर घट्ट वरण असू दे. कधी चिकोल्या कर: कणकेचे तुकडे उकळत्या वरणात सोडायचे, वरून लसणाची फोडणी, एका भांड्यात सगळं जेवण. ज्वारीच्या कण्या शिजवून वरणासोबत किंवा ताकासोबत दे. पहिला पाऊस पडून पालेभाजी आली की मूठभर पाल्यात बेसन कालवून आळण कर, ते चार माणसांना पुरतं. तिखट कुटताना त्यात मूठभर शेंगदाणे किंवा तीळ टाक. आणि नवऱ्याला म्हणावं, पुढच्या वर्षी तूर बाजारात न्यायच्या आधी घरच्या पायल्या मोजून बाजूला काढायच्या, चणा पेरलाच तर त्यातल्याही. भाव किती का चांगला असेना, त्या पायल्यांना हात लावायचा नाही. हे आत्ता, आठवण ताजी असताना ठरवा. तूर निघाल्यावर व्यापाऱ्यासमोर ठरत नाही.

आणि कधी असं झालं की खरंच काही नाही, रात्रीला चूल पेटायची पंचाईत आहे, तर ते सगळ्या ओट्याला सांगायचं नसतं. ते एका माणसाला सांगायचं. मला वाटतं, ते माणूस तुझ्या शेजारीच राहतं. तुझ्या गावात बचत गट असेल आणि तू त्यात असशील, तर गटातून छोटं कर्ज मिळतं ते याच दिवसांसाठी. सावकाराच्या दारात जायच्या आधी तिथे विचार.

त्या वाटीचं काय करायचं, हेही तू विचारलंस. उद्या परत कर. वाटी जितके दिवस तुझ्या फळीवर राहील, तितकी ती परत करणं तुला जड जाईल आणि काकूंनाही वाटेल की कढी आवडली नाही. रिकामी वाटी परत करू नये, ही आपली रीत चांगली आहे; मलाही रिकामी वाटी द्यायला हात होत नाही. पण भरून द्यायचं म्हणजे कढीच्या तोलाचं काहीतरी, असं त्या रीतीत कुठेही नाही. भुलाबाईच्या दिवसांत झाकलेल्या डब्यातला खाऊ ओळखायचा खेळ तू पुलगावातही खेळली असशील. कुणाच्या घरी डब्यात पेढे असायचे, कुणाच्या घरी फुटाणे, आणि फुटाण्यांच्या घरी गाणी म्हणायला जायचं कुठल्याच मुलीने थांबवलं नाही. जवसाचं तिखट कुटशील, त्यातलं दोन चमचे काकूंच्या वाटीत घाल. नाहीतर घरच्या तुरीची मूठभर डाळ. देताना ‘काहीच नाही हो’ असं म्हणू नकोस. कढी कशी झाली होती ते सांग: गोळे फुटले नव्हते, पोराने दोनदा मागितली, असं काय असेल ते. गोळे कढीत न फुटणं ही सोपी गोष्ट नाही आणि ज्या बाईला ते जमतं तिला कुणीतरी ते बोलून दाखवलेलं आवडतं. तिला विचार, डाळ किती जाडसर वाटते.

आता तरोटा, म्हणजे टाकळा. पाऊस पडल्यावर आठ-दहा दिवसांनी कोवळा येतो, तेव्हा फक्त शेंडे आणि वरची दोन-चार पानं खुडायची. तुझी भाजी कडू झाली ती बहुधा निबर पानांमुळे. पिवळं फूल दिसायला लागलं की नाद सोडायचा. मुगाची नाहीतर तुरीची डाळ तासभर भिजत घाल. पाला दोन-तीन पाण्यांनी धुऊन उकळत्या पाण्यात दोन मिनिटं ठेव, पाणी काढून टाक, पाला पिळून बारीक चीर. कढईत तेल, ठेचलेला लसूण भरपूर, लाल मिरची, मग उभा चिरलेला कांदा. कांदा नरम झाला की भिजलेली डाळ घालून अर्धवट शिजू दे, मग पाला आणि मीठ. झाकण ठेवू नकोस, मंद आचेवर पाणी आटू दे. ज्वारीच्या भाकरीसोबत खा. तरोट्याने पोट थोडं सैल होतं, म्हणून पोराला पहिल्या दिवशी दोन घासच दे.

खुडताना एक जपायचं. सोयाबीन-कपाशीत आता तणनाशक मारतात. स्वतःच्या धुऱ्यावर फवारणी झाली आहे का ते नवऱ्याला विचारून घे, आणि दुसऱ्याच्या शेताच्या कडेचा पाला, कितीही कोवळा दिसला तरी, तोडू नकोस. पडीक जागेतला किंवा गायरानातला घे. ओळीतल्या जुन्या बायांना कोणत्या जागी कधी फवारा पडतो ते माहीत असतं, तेव्हा खुडायला त्यांच्यासोबतच जा.